रोहिण्यांची राखण

ग्वाल्हेर शहराला पाणी येते ते मुख्यतः तिघऱ्याच्या जलाशयातून. शहराच्या पश्चिमेस वीस-बावीस किलोमीटरांवर सांक नदी अडवून हा जलाशय केलेला आहे. तेथून पाणी मोठ्या नळांनी शहराकडे येते. मोठ्या नळांना फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी लहान फाटे फुटतात आणि अखेरीस लष्करातील एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात तोटीतून पाणी पडू लागते. तोटी सोडणारी गृहिणी धरणाचा विचार करीत नाही आणि नळांचाही करीत नाही. पाणी येईनासे झाले, म्हणजेच तिला त्यांची आठवण होते.

या धरणाला एक दुःखद पूर्वेतिहास आहे. १९१७ च्या ऑगस्ट महिन्यात ते फुटले. धरणाचा पाया वालुकाश्मावर होता. त्या दगडात पाणी हळूहळू मुरत गेले, पायाची पकड सैल झाली आणि एके दिवशी भिंत ढासळली. पाण्याचा लोंढा खालच्या प्रदेशात घुसून मोठी प्राणहानी झाली. पुढे धरण पुन्हा बांधण्यात आले व आज शहर त्याच्याच पाण्यावर जगते. भिंत ढासळली तो क्षण लोकांना दिसला. पाणी मुरत होते ते दिवस मात्र कोणालाच दिसले नव्हते.

माणसाच्या शरीरातील रोहिण्यांची कथा अशीच आहे. हृदयातून निघालेले शुद्ध रक्त ज्या नळ्यांतून सर्व शरीरभर पोहोचते, त्या या रोहिण्या. कोणी त्यांना धमन्या म्हणतात. त्यांची भिंत वर्षानुवर्षे झिजत असते आणि त्याची वार्ता वरच्या माणसाला नसते. छातीत कळ येते किंवा अर्धे अंग लुळे पडते, तो दिवस सर्वांच्या ध्यानात राहतो. त्यामागची दहा-वीस वर्षे कोणाच्याच हिशेबात नसतात. हे सर्वांच्याच बाबतीत खरे आहे. परंतु समाजात एक वर्ग असा आहे की, त्याच्या बाबतीत ते अधिक खरे आहे, आणि तरीही तिकडे लक्ष फार थोड्यांचे गेले आहे. हा वर्ग म्हणजे एच.आय.व्ही. या विषाणूसह जगणारी माणसे होत.

या विषाणूचे नाव काढले की, ऐकणारा अजूनही दचकतो. हा दचका जुन्या दिवसांचा आहे. भारतात हा विषाणू प्रथम आढळला तो १९८६ साली, मद्रासमध्ये. मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी केलेल्या तपासणीतून तो उघडकीस आला. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय व्यापारी कुटुंबातील कन्या. ज्या काळी अशा रुग्णाला रुग्णालयाच्या दारात उभे करून घेण्यास लोक तयार नसत, त्या काळी त्यांनी १९९३ साली आपल्या वडिलांच्या नावाने वाय.आर.जी. केअर ही संस्था काढून या रुग्णांची सेवा आरंभिली. २०१५ साली त्यांचे निधन झाले व २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांचे पती डॉ. व्हिक्टर सॉलोमन हे हृदयाचे शल्यचिकित्सक होते. एकाच घरात एकाचा विषय हृदय आणि दुसरीचा विषय हा विषाणू, हा निव्वळ योगायोग होय. पण पुढे वैद्यकशास्त्रानेही हे दोन विषय एका छपराखाली आणून बसविले आहेत.

ते कसे घडले हे समजण्यासाठी औषधांचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल. आरंभी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. रुग्णाची प्रतिकारशक्ती खचत जाई आणि क्षय, न्यूमोनिया यांसारखा एखादा आजार त्याचा शेवट करी. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. परंतु त्या औषधांचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांहून अधिक होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ केली आणि जगभर खळबळ उडाली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे रुग्णांस विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून तर तपासणीत विषाणू आढळला की, प्रतिकारशक्ती खालावण्याची वाट न पाहता लगेच औषध सुरू करण्याचे धोरण स्वीकारले गेले. आज देशात सुमारे पंचवीस लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना दिवसाकाठी एक गोळी घ्यावी लागते. ग्वाल्हेरातही गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाच्या जयारोग्य रुग्णालयात ती मिळण्याची सोय आहे.

ही एक गोळी नियमाने घेतली, तर रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तपासणीत तो सापडत नाही. आणि ज्याच्या रक्तात तो सापडत नाही, त्याच्यापासून शरीरसंबंधाने तो दुसऱ्याला जडत नाही. असा माणूस नोकरी करतो, मुलांची लग्ने करतो, नातवंडे खेळवितो. तिशीत ज्याने आपल्या मरणाची तयारी केली होती, तो आज पन्नाशी-साठीत आहे. हा वैद्यकशास्त्राचा थोर विजय आहे. परंतु साठी गाठणाऱ्या माणसाला साठीचे आजारही गाठतातच. त्यांत रोहिण्यांचा आजार अग्रभागी आहे, आणि एच.आय.व्ही. असलेल्या माणसांत त्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. जगभरातील अनेक पाहण्या एकत्र करून २०१८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झालेला आहे.

दुप्पट का? याचे उत्तर रोहिणीच्या भिंतीतच शोधले पाहिजे.

रोहिणी हा रबरी नळीसारखा निर्जीव पदार्थ नव्हे. तिच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आतील थरावर पेशींचे एकपदरी अस्तर असते. ते इतके नाजूक की डोळ्यांना दिसत नाही, आणि इतके जागरूक की रक्ताचा वेग वाढला, तर रोहिणीला सैल होण्याची आज्ञा तेच देते. रक्त गोठू न देणे व रक्तपेशींना भिंतीस चिकटू न देणे, ही कामेही त्याचीच. धूम्रपान, वाढलेला रक्तदाब, रक्तातील साखर यांनी हे अस्तर दुखावते. मग रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण त्याच्याखाली शिरून बसतात. त्यांना गिळून टाकण्यासाठी पांढऱ्या पेशी धावत येतात, पोटभर मेद गिळतात आणि स्वतःच तेथे फुगून पडतात. अशा रीतीने भिंतीच्या आत मेदाचा एक थर साचतो व त्यावर तंतूंचे पातळ झाकण तयार होते. हे झाकण टिकून राहिले, तर माणूस पुष्कळ वर्षे निर्वेधपणे जगतो. ते फाटले, तर आतील द्रव्याचा रक्ताशी संपर्क येऊन क्षणार्धात गुठळी होते आणि नळी बंद पडते. ही नळी हृदयाची असली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूची असली तर पक्षाघात.

म्हणजे या आजारात मेदाइतकाच महत्त्वाचा भाग पांढऱ्या पेशींच्या धावपळीचा, अर्थात दाहाचा आहे. एच.आय.व्ही.ची गाठ नेमकी येथे पडते. या विषाणूचे भक्ष्य म्हणजे शरीराची संरक्षक पेशीच. अशा पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो आणि संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू त्या साठ्याची धूळधाण करतो. आतड्याचा बांध तेथे कच्चा होतो. एरवी आतड्यातच राहणाऱ्या जंतूंचे अंश त्यातून थोडेथोडे रक्तात झिरपू लागतात, आणि शत्रू आला असे समजून पांढऱ्या पेशी सदैव शस्त्र परजून उभ्या राहतात. औषधाने विषाणू दबला म्हणजे ही धामधूम पुष्कळ कमी होते, परंतु संपूर्ण थांबत नाही. कारण विषाणू काही पेशींत निद्रिस्त स्थितीत दडून राहतो आणि आतड्याचा बांधही पूर्ववत पक्का होत नाही. राखेखाली निखारा राहावा, तसा हा मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो, आणि त्याची झळ लागते ती रोहिणीच्या अस्तराला. अशा रुग्णांच्या हृदयाच्या रोहिण्यांची चित्रे घेतली असता, त्यांत चुना साचून घट्ट झालेल्या थरांपेक्षा मऊ थर अधिक आढळतात. मऊ थराचे झाकण फाटण्याची भीती अधिक असते. तिघऱ्याच्या पायाखाली मुरणारे पाणी ते हेच.

आता औषधांकडे वळू. अनेक रुग्णांचा असा ग्रह असतो की, हृदयाला अपाय होतो तो या औषधांनीच. या समजुतीत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे. २००३ साली एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील तेवीस हजारांहून अधिक रुग्णांचा तीत समावेश होता. संयुक्त औषधयोजनेच्या पहिल्या काही वर्षांत, दर वर्षागणिक हृदयविकाराच्या झटक्याचा संभव पूर्वीच्या मानाने सव्वीस टक्क्यांनी वाढत जातो, असे तीत दिसले. पुढे हा दोष मुख्यतः औषधांच्या एका विशिष्ट गटाकडे जातो, असे उघड झाले. त्या गटातील औषधांनी रक्तातील मेद वाढतो. भारतात आरंभीच्या काळी दिल्या जाणाऱ्या स्टॅव्ह्युडिन या औषधाने तर गालांचा व हातापायांचा मेद झडून जाई. गाल बसलेला चेहरा पाहून लोक रोग ओळखतील, या भीतीने माणसे घराबाहेर पडेनाशी होत. ते औषध आता सरकारी योजनेतून गेले आहे. आजच्या नित्याच्या गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राविर ही तीन औषधे असतात. ती रोहिण्यांच्या दृष्टीने पुष्कळ सौम्य आहेत. मात्र तिच्याने काहींचे वजन वाढते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

या जुन्या अनुभवावरून काही तज्ज्ञांनी असा तर्क बांधला होता की, प्रतिकारशक्ती चांगली असताना औषधाला विश्रांती द्यावी, म्हणजे हृदयावरील भार हलका होईल. तर्क सयुक्तिक वाटण्यासारखा होता. तेहतीस देशांतील ५,४७२ रुग्णांवर त्याची परीक्षा घेण्यात आली. अर्ध्या रुग्णांचे औषध अखंड चालू ठेवले व अर्ध्यांचे मधूनमधून थांबविले. २००६ साली ही परीक्षा मुदतीपूर्वीच बंद करावी लागली; कारण ज्यांचे औषध थांबविले होते त्यांच्यातच मृत्यू अधिक झाले, आणि ज्या हृदयविकाराला वाचविण्यासाठी औषध थांबविले, तोही त्यांच्यातच अधिक आढळला. विषाणू मोकळा सुटला की निखाऱ्याची ज्वाळा होते, आणि ती औषधाच्या अपायापेक्षा कितीतरी अधिक दाहक असते. म्हणून हृदयाच्या भीतीने ही गोळी स्वतःच्या मनाने सोडणे म्हणजे गळणारे छप्पर नको म्हणून घरच मोडून टाकणे होय.

मग रोहिण्यांची राखण करावी तरी कशी? विषाणू शरीरातून घालविण्याचा उपाय आज सामान्य रुग्णाच्या हाती नाही. परंतु रोहिणीचे जे इतर शत्रू आहेत, ते बहुतांशी माणसाच्या ताब्यातले आहेत. त्यांत पहिला क्रमांक तंबाखूचा. डेन्मार्कमधील एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. नियमित औषध घेणाऱ्या व धूम्रपान करणाऱ्या पस्तीस वर्षांच्या रुग्णाच्या आयुष्यातून एच.आय.व्ही. सुमारे पाच वर्षे हिरावून घेतो, तर धूम्रपान बारा वर्षे. ज्या विषाणूच्या नावाने माणूस थरकापतो, त्याच्या दुपटीहून अधिक आयुष्य खाणारी वस्तू तो काडी ओढून स्वतःच पेटवितो! मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आली. तरीही सुपारी व तंबाखू यांच्या पुड्या वेगवेगळ्या घेऊन त्या तळहातावर एकत्र करणारे लोक कोणत्याही नाक्यावर दिसतात. कायद्याने दुकानाचे दार बंद करता येते, हाताची सवय मोडता येत नाही. ती ज्याची त्यानेच मोडावी लागते.

दुसरा शत्रू रक्तदाब. तो १४० व ९० यांच्या वर राहू लागला की त्याची दखल घेतली पाहिजे. तो मोजण्यास दोन मिनिटे लागतात व वेदना होत नाहीत. न मोजल्यास मात्र त्याचे अस्तित्वच कळत नाही. तिसरा शत्रू साखर, चौथा मेद. यांची रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. पोटाचा घेर पुरुषाचा नव्वद आणि स्त्रीचा ऐंशी सेंटिमीटरांच्या वर जाऊ लागला की, तीही पूर्वसूचना समजावी. दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांतील माणसापेक्षा पाच-सहा वर्षे अगोदर येतो, असे बावन्न देशांतील एका पाहणीत आढळले आहे. म्हणजे येथील रुग्णाच्या खात्यात जन्मभूमीचे देणे अगोदरच मांडलेले असते; विषाणूचे देणे वरून येते.

आहाराच्या बाबतीत उपदेश करणे सोपे व पाळणे कठीण, हे ग्वाल्हेरात राहणाऱ्याला सांगावयास नको. सकाळच्या प्रहरी बेडई व जिलबी, दुपारी कचोरी, हिवाळ्यात ग्वाल्हेर-मुरैन्याची गजक. आणि मराठी घरात त्याशिवाय उपवासाची साबुदाण्याची खिचडी, लोणचे व पापड आहेतच. यांतील एकही पदार्थ ताटातून कायमचा हद्दपार करण्याचे कारण नाही. रोजचा पदार्थ सणाचा करावा, इतकेच. पुन्हापुन्हा तापविलेल्या तेलात तळलेले टाळावे, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, आणि पालेभाज्या, डाळी, फळे यांना ताटात अधिक जागा द्यावी. आठवड्यातून दीडशे मिनिटे झपझप चालावे. उन्हाळ्यात येथील पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा हे चालणे पहाटेच उरकावे. त्यासाठी फूलबागेचा परिसर काय किंवा घरासमोरची गल्ली काय, दोन्ही सारखीच.

एवढे करूनही तो मंद दाह उरतोच. त्यावर अलीकडे एक नवा उपाय हाती आला आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील औषधे हृदयरोग्यांना बरीच वर्षे दिली जात आहेत. ज्यांचा धोका फार मोठा नाही व ज्यांना एरवी असे औषध कोणी दिले नसते, अशा एच.आय.व्ही. असलेल्या माणसांना ते दिल्यास उपयोग होईल काय, हा प्रश्न घेऊन बारा देशांत एक मोठा प्रयोग झाला. चाळीस ते पंचाहत्तर वर्षे वयाचे ७,७६९ जण त्यात सहभागी होते. त्यांत भारतातील रुग्णही होते. निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिनची गोळी व निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी देण्यात आली. २०२३ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा की, औषध घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आदी गंभीर घटना पस्तीस टक्क्यांनी कमी झाल्या. हजार माणसांमागे वर्षाला जेथे सात घटना घडत होत्या, तेथे पाचाच्या आत घडल्या. स्नायूंचे दुखणे व मधुमेह यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत किंचित अधिक आढळले, हेही नमूद केले पाहिजे. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाने आपल्या डॉक्टरांना याबद्दल विचारावे. ही गोळी दुकानातून आपल्या मनाने आणून घेण्याची मात्र नव्हे.

यापुढील गोष्ट औषधाची नाही, पण तिच्यावाचून सारी औषधे व्यर्थ आहेत. समजा, लष्करातील एका जुन्या वाड्यात बावन्न-त्रेपन्न वर्षांचे एक गृहस्थ राहतात. पंधरा वर्षांपासून ते विषाणूवरील औषध घेत आहेत. हे ठाऊक आहे ते त्यांच्या पत्नीला आणि औषध देणाऱ्या केंद्राला. गोळ्यांच्या डबीवरील कागद खरवडून काढलेला आहे. अलीकडे जिना चढताना त्यांना छातीत दडपल्यासारखे होते. आज ते हृदयाच्या डॉक्टरांकडे निघाले आहेत. उंबऱ्यापाशी पत्नी हळूच विचारते, "अहो, तेही सांगाल ना त्यांना?"

"हृदयाचे दुखणे आहे. बाकीचे सांगून काय करायचे?"

"त्यांनी विचारलं तर?"

"नाही विचारणार ते."

आणि खरोखरच डॉक्टर विचारीत नाहीत. "काका, आणखी कसली औषधं चालू आहेत?" एवढेच ते म्हणतात, आणि काका "काही नाही" म्हणून मान हलवितात. त्या "काही नाही" या दोन शब्दांत केवढा अपाय भरलेला आहे, याची काकांना कल्पना नसते. विषाणूवरील औषधांच्या दुसऱ्या फळीत रिटोनाविर नावाचे एक औषध असते. त्याच्याबरोबर सिम्व्हास्टॅटिन दिले, तर ते रक्तात अनेकपटींनी साचून स्नायूंची हानी होते. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसविल्यावर गुठळी होऊ नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांतील काहींचे बळ रिटोनाविरने घटते, तर काहींचे भलतेच वाढते. डोल्युटेग्राविर घेणाऱ्याच्या रक्तात मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते, म्हणून त्याची मात्रा आखून द्यावी लागते. लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्तावरील काही औषधे एकाच वेळी घेतली, तर खुद्द डोल्युटेग्राविरच आतड्यातून नीट शोषले जात नाही. एका डॉक्टरपासून दुसऱ्याचे औषध लपविले, म्हणजे दोन्ही औषधे एकमेकांवर अंधारात आदळतात.

काकांची भीती खोटी आहे असे कोणी म्हणू नये. या रोगाचे नाव कळताच खाट वेगळी झाली, भाडेकरूला जागा सोडावी लागली, मुलीचे ठरलेले लग्न मोडले, अशा गोष्टी या देशात घडलेल्या आहेत. म्हणूनच २०१७ साली संसदेने याविषयी स्वतंत्र कायदा केला व १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. या कायद्याप्रमाणे, एच.आय.व्ही. आहे म्हणून कोणासही उपचार, नोकरी, शिक्षण वा निवास यांबाबत अन्यायाने वगळता येत नाही. आणि सामान्यतः रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्या स्थितीची वाच्यता करता येत नाही. डॉक्टरांच्या कानी घातलेली गोष्ट डॉक्टरांपाशी राहावी, ही आता केवळ सभ्यता नसून कायद्याची आज्ञा आहे. शेजाऱ्याला सांगण्याची जबाबदारी कोणावर नाही. परंतु ज्याच्या हाती आपल्या हृदयाची नाडी द्यावयाची, त्याच्यापासून ती गोष्ट लपविणे म्हणजे वाटाड्याला खड्डा न दाखविता त्याच्यामागून चालणे होय.

डॉक्टरांवरही एक कर्तव्य येते. विषाणूचे औषध देणाऱ्याने महिन्याच्या गोळ्या हातावर ठेवताना रक्तदाबाचा पट्टाही दंडाला बांधावा. आणि हृदय तपासणाऱ्याने अशा रीतीने विचारावे की, रुग्णाला खरे सांगण्याचे धैर्य व्हावे. "काका, तुमची कोणतीही गोळी मला सांगितलीत, तर ती गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही," एवढे एक वाक्य पुरेसे आहे. शास्त्राने लावलेला शोध रुग्णापर्यंत पोहोचतो तो पुष्कळदा अशा एखाद्या वाक्यावरूनच.

घरच्या माणसांनी तर आणखी एक गोष्ट पाठच करून ठेवावी. छातीत दडपण येऊन ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाऊ लागले, दरदरून घाम फुटला, किंवा अचानक तोंड वाकडे झाले, हात उचलेनासा झाला, जीभ अडखळू लागली, तर पित्त झाले असेल म्हणून सोडा-लिंबू देत बसू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तडक मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या काही तासांतच गुणकारी असते. वाटेत डॉक्टरांना सांगावयाच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलेली असली, तर ती माणूस शुद्धीवर नसतानाही बोलू शकते. या विषाणूविषयी कोणास काही विचारावयाचे असल्यास १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे, आणि विचारणाऱ्याला तेथे आपले नाव सांगण्याची सक्ती नाही.

तिघऱ्याचे धरण पुन्हा उभे राहिले. आज शहरात तोटी सोडली की पाणी येते, आणि १९१७ ची आठवण कोणाला होत नाही. ते ठीकच आहे. पण धरणावर जो कोणी पहारा करतो, त्याला विसरण्याची मुभा नाही. त्याला भिंतीचा ओलावा पाहावा लागतो, पाण्याची पातळी रोज लिहून ठेवावी लागते. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या ज्या माणसांना एका गोळीने पुन्हा संसारात आणून सोडले आहे, त्यांच्या आयुष्याचा बांधही पक्का आहे. त्याला हवा आहे तो असाच एक पहारेकरी. तो पहारेकरी काही अंशी डॉक्टर, काही अंशी घरचे माणूस, आणि बव्हंशी तो स्वतःच.